सिस्टर, पुढची रिम सतराची होती

सिस्टर, परवा तुमच्या सायकलचं पुढचं चाक मी पुन्हा खोललं. टायर उतरवला, ट्यूब काढली, फडकं फिरवलं आणि व्हर्निअर लावलं. रिमची आतली रुंदी पंचवीस मिलिमीटर. ती मला माहीत होतीच, कारण ती रिम मीच बसवलेली. तरी मोजली. तुम्ही समोरच्या स्टुलावर असतात तर म्हणाला असतात, "हनीफभाई, तीनदा थर्मामीटर लावला म्हणून ताप उतरत नाही."

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. तुमच्याबद्दल जे बोलायचं ते लोक बोलले. जव्हार आणि मोखाड्याच्या पाड्यांवर तुमच्या हातून किती बाळंतपणं झाली, कोणत्या पावसात तुम्ही कोणता नाला ओलांडलात, ते सगळं शोकसभेत झालं. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं. माझ्याकडे सांगायला होतं ते वेगळं होतं, आणि माइकसमोर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. ते टायर आणि रिमच्या रुंदीबद्दल आहे.

नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही ती सायकल ढकलत माझ्या जव्हारच्या दुकानात आणलीत. नाशिकला कुणाकडून तरी जुनी घेतलेली, सव्वीस इंची चाकाची, गिअरवाली. सांगाडा चांगला होता, चाकं थकलेली. कॅरिअरला सुतळीनं एक लांबडं रजिस्टर बांधलं होतं, जुनं लसीकरणाचं, मागची पानं कोरी. त्या पानांवर तुम्ही पेन्सिलीनं वाट काढली होती.

"आठ दिवसांची फेरी आहे," तुम्ही म्हणालात. "जव्हारहून जामसर, दाभोसा, वावर. तिथून वळसा घालून मोखाडा, खोडाळा आणि परत. डांबर टाळता येईल तिथं टाळायचं. या पाड्यावरून त्या पाड्यावर."

"आता बहुतेक ठिकाणी जीप जाते की."

"जीपमधून तीस वर्षं बघितलं. जीपमधून फक्त पुढच्या माणसाचं डोकं दिसतं."

मुक्काम कुठं म्हणून विचारलं, तर तुम्ही पान उलटलंत. गावाचं नाव, बाईचं नाव, घराची खूण. जिथं जिथं तुम्ही बाळंतपण केलं होतं ती घरं. जेवण त्यांच्याकडे, झोपणं त्यांच्या ओट्यावर, म्हणून सामान थोडंच. तरी अंथरूण, कपडे, पाणी, औषधांचा डबा धरून वीस किलो कुठं गेलं नाही, हे मी तेव्हाच मनात धरलं. टायर ठरवताना आधी वजन धरावं लागतं.

"टायर रुंद पाहिजे," तुम्ही म्हणालात. "मिळेल तेवढा रुंद."

इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते पाच महिने चाललं. दुपारी गिऱ्हाईक नसताना तुम्ही यायचात, स्टूल ओढायचात आणि मोबाइलवर वाचलेलं काहीतरी सांगायचात. कुणी म्हणे अडीच इंची टायर लावून वाळवंट पार केलं. मी म्हणायचो, "सिस्टर, वाळवंटात भाताची खाचरं नसतात." माझं म्हणणं साधं होतं. आपल्याकडे मुरूम आहे, दगड आहे आणि चिकट माती आहे. मुरुमावर काहीही चालतं. दगडावर रुंद टायर सुखाचा, कारण हवा कमी ठेवता येते, तो दगडाला धरतो, हाताला हिसके बसत नाहीत. पण ओल्या मातीत बारीक टायर चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला लागतो. रुंद टायर वरच लोळतो, माती गोळा करतो, आणि चाक धरणाऱ्या चिमट्यात जागा नसेल तर चाक जागच्या जागी बसतं. तुम्हाला मी पावणेदोन इंची देत होतो. तुम्हाला सव्वादोनच्या खाली काही नको होतं.

रिमवरून आणखी वेगळं भांडण. टायर रुंद करायचा तर रिमही रुंद लागते, एवढं तुम्ही मान्य केलं होतंत, पण मग एकदम तीस मिलिमीटरवर गेलात. मी तुम्हाला कागदावर काढून दाखवलं. फार रुंद रिमवर टायर चौकोनी बसतो, त्याच्या बाजू उघड्या पडतात, आणि करवंदीच्या जाळ्यांतून जाताना काटा तळाला लागत नाही, बाजूला लागतो. अरुंद रिमवर उलटं. मान बारीक, डोकं मोठं, विजेच्या बल्बसारखा फुगतो. सरळ रस्त्यावर कळतही नाही. हवा कमी असताना तिरक्या उतारावर गेला की तो एका अंगाला लवंडतो आणि त्याची कड रिममधून सुटू शकते.

हे सगळं मी तुम्हाला माझ्या तोंडानं सांगितलं होतं, सिस्टर. कागदावर चित्र काढून. म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

पावसाळा संपत आला तसे आपण रविवारी सकाळी निघायला लागलो. तुमच्या कॅरिअरला दोन बाजूंना तांदळाच्या पिशव्या, दहा-दहा किलोच्या. मी माझ्या जुन्या सायकलवर. जामसरच्या बाजूला उतरायचं, एकदा मुरुमाचा चढ, एकदा बांधावरची वाट, एकदा ओढ्यातले गोटे. दर रविवारी टायर वेगळा. तुम्ही रजिस्टरमध्ये रकाने आखले होते: वाट, हवा, घसरली का, हाताला मुंग्या आल्या का. शेवटच्या रकान्यात 'आहे' किंवा 'नाही' लिहायचात, पेशंटचं लिहावं तसं. ओढ्यात तुमचं खरं निघालं. बांधावर माझं. एकदा बांधावरून तुम्ही सरळ खाचरात गेलात, उठलात, पिशवी चाचपलीत आणि म्हणालात, "तांदूळ कोरडा आहे. माझं नंतर बघू."

शेवटी मी हरलो. किंवा कंटाळलो. सव्वादोन इंची टायर, पंचवीसची रिम, मडगार्ड काढून टाकायचे, असं ठरलं. त्याच दुपारी मी तुम्हाला विचारलं, "एवढा हट्ट कशाला? पावणेदोनवरही फेरी झालीच असती."

तुम्ही रजिस्टर मिटलंत. मग वावरचं सांगितलंत.

तुम्ही तेव्हा पंचविशीच्या, त्या बाजूच्या उपकेंद्रावर नवीन. कुपोषणानं पोरं जात होती ते वर्ष. चंदरी नावाच्या बाईचं दीड वर्षाचं पोर तुम्ही सोमवारी तपासलंत आणि गुरुवारी परत येते म्हणून सांगितलंत. गुरुवारी पाऊस. वाट खाचरांमधून. तुमची सायकल बारीक टायरची, चिखलानं भरली, चाक फिरेना. थोडी खांद्यावर घेतलीत, मग बांधावर बसलात, आणि परत फिरलात. पोर शुक्रवारी गेलं. त्यानंतर लवकरच तुम्ही बदली मागून मोखाड्याकडे गेलात, आणि पुढच्या सगळ्या नोकरीत त्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नाहीत.

"म्हणून रुंद टायर," तुम्ही म्हणालात.

मी तेव्हा काय बोललो ते मला शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हणालो, "सिस्टर, ती सायकल टायरमुळं नाही अडकली. माती मडगार्डमध्ये भरली. रुंद टायर असता तर अजून आधी अडकली असती."

रशीदाला, माझ्या बायकोला, हे संध्याकाळी सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. पण तुम्ही रागावला नव्हतात. उलट हसलात थोडं.

"तुम्ही सायकलचंच बोललात. सायकल टाकून मी चालत का गेले नाही, हे नाही विचारलंत."

"ते विचारायचं काम माझं नाही."

"म्हणून तर तुम्हाला सांगितलं."

मुंबईहून रिमा मागवल्या. पंचवीसच्या, स्पोकसाठी बत्तीस भोकांच्या, दोन नग. पार्सल आलं तेव्हा तुमच्या निघण्याला चार दिवस उरले होते. एक रिम बरोबर होती. दुसऱ्या रिमला छत्तीस भोकं होती, ती तुमच्या हबला चालणारी नव्हती. बदलून यायला दहा दिवस लागणार होते. तुम्ही मात्र सगळ्या घरी फोन करून ठेवले होते, सोमवारी निघते म्हणून.

त्या चार दिवसांत मी एक फोन करायला हवा होता, तो केला नाही. कारण सांगतो. पाच महिने मी रुंद टायरच्या विरोधात होतो. आता ऐनवेळी रिम नाही म्हटलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं की हनीफनं मुद्दाम केलं. शिवाय बाजारात चार लोकांसमोर मी म्हणून बसलो होतो, सोमवारी गाडी तयार. एवढंच कारण आहे. याहून मोठं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या चाकाला नवी पंचवीसची बसवली. पुढं तुमची जुनीच ठेवली, सतराची. सतरावर सव्वादोनचा टायर बसवू नये, हे मी दुकानात येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना सांगतो. पाण्यात बुडवून, साबण लावून बसवला. बसला. जुनी रिम पांढरी होती आणि नवी काळी, म्हणून पुढचीला काळा रंग मारला. दोन हात. आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढला, चाक सुईसारखं सरळ फिरत होतं. ते बघून मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

सोमवारी सकाळी तुम्ही आलात. दोन्ही चाकांवरून हात फिरवलात. "सुंदर झालंय," म्हणालात. मी म्हणालो, "पुढच्यातली हवा कमी करू नका."

"का? रविवारी तर कमी करूनच बरं वाटलं होतं."

"मी सांगतो ना. मागची करा. पुढची नको."

औषध देताना कारण सांगितलं नाही तर पेशंट ते अर्ध्यात सोडतो, हे वाक्य तुमचंच. मी कारण सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुमचा फोन. आवाज नेहमीचा. "हनीफभाई, पडले. मनगट गेलंय. बाकी सगळं जागेवर आहे. दाभोशाच्या पुढं, वावरच्या वाटेवर."

मी ओळखीची जीप घेऊन आलो. तुम्ही ऐनाच्या झाडाखाली बसला होतात. उजव्या मनगटाला सायकलचा पंप लावून ओढणीनं करकचून बांधलेलं. गवत कापणाऱ्या दोन बायका सोबत बसल्या होत्या आणि तुम्ही त्यांतल्या एकीला तिच्या खोकल्याबद्दल विचारत होतात. सायकल शेजारी आडवी. मी पहिल्यांदा सायकलकडे बघितलं. ते तुम्ही बघितलंत, आणि त्याचा अर्थ तुम्ही काय लावलात मला माहीत नाही. पुढच्या टायरची एक कड रिमच्या बाहेर आली होती. दगडावर घासून रिमचा काळा रंग बोटभर उडाला होता आणि खालचा पांढरा धातू उन्हात चकाकत होता.

तुम्ही त्या चाकाशेजारी दोन तास बसून होतात, सिस्टर. तुमची नजर मी पाहिलेली आहे. पापणी ओढून रक्त किती ते सांगणारी. तुम्हाला ते दिसलं की नाही?

जीपमध्ये तुम्ही म्हणालात, "हवा मी कमी केली. दाभोशापासून हाताला मुंग्या यायला लागल्या होत्या. तुम्ही नको म्हणाला होतात. चूक माझी."

ड्रायव्हरसमोर कसं सांगायचं, असं मी मनाला म्हटलं. पुढं जव्हारात पोहोचल्यावर डॉक्टरसमोर कसं सांगायचं. मग अश्विनी, तुमची मुलगी, नाशिकहून आली, तिच्यासमोर कसं. लोकांनी विचारलं तर तुम्ही सांगायचात, दगड आला. सगळ्या गावाला तो दगड पाठ झाला.

वळणावर तुम्ही मागं बघून म्हणालात, "तासाभराची वाट राहिली होती हो." तेवढंच.

घरी रशीदाला मात्र सांगितलं. ती म्हणाली, "बोल दो ना उनको. नर्स है, जान थोडी ना लेंगी." मी म्हटलं प्लास्टर निघू दे.

प्लास्टर असतानाच तुम्ही दुकानात आलात. तोवर दुसरी पंचवीसची रिम आली होती आणि मी ती पुढच्या चाकाला घालून ठेवली होती. तुम्ही डाव्या हाताच्या बोटानं ती दाबून पाहिलीत.

"ही नवी आहे?"

"जुनी वाकली होती."

जुनी अजिबात वाकली नव्हती. ती पत्र्यामागं उभी होती. तुम्ही "बरं" म्हणालात आणि स्टुलावर बसलात. मग म्हणालात, "हनीफभाई, तुमचं खरं होतं. सव्वादोन मला झेपला नाही. पावणेदोनच बसवा."

पाच महिने भांडून जे जमलं नव्हतं ते असं हातात आलं. तुम्ही हरला नव्हतात. सव्वादोन बरोबरच होता, पंचवीसच्या रिमवर त्या उतारानं तुम्हाला काही केलं नसतं. हे सांगायचं तर आधीचं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "घाई काय आहे, बघू." तुम्ही म्हणालात, "आता तुम्हीच रुंद टायरची बाजू घेताय? कमाल आहे." आणि हसलात. शिमग्याच्या आधी मी पावणेदोनचे टायर चढवले. हात चालत होते, मन लागत नव्हतं.

मग अश्विनीचं बाळंतपण आलं. तुम्ही नाशिकला गेलात ते तीन महिने. नातवाचा फोटो मला पाठवलात आणि खाली लिहिलंत, 'वजन तीन किलो, रंग चांगला, टायर बारीक.' मी तो रशीदाला दाखवला. नंतर पाऊस. फेरी भात कापल्यावर, असं ठरलं. श्रावणात तुमचे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून तपासायला गेलात आणि निघालं दुसरंच. तुम्हाला ते रिपोर्ट कुणी समजावून सांगावे लागले नाहीत, आणि मला वाटतं तोच भाग सगळ्यात अवघड असणार.

मी नाशिकला भेटायला आलो तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होतात. हात काटक्यांसारखे. विचारलंत, "सायकलला हवा भरता ना? टायर बसून राहिला तर कडेला चिरतो."

"भरतो."

"मीच शिकवलं तुम्हाला," म्हणालात, आणि स्वतःच्या विनोदावर हसताना तुम्हाला धाप लागली.

मी सांगायचं ठरवून आलो होतो. बसमध्ये वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण तुम्ही म्हणालात, "वावर राहिलं," आणि खिडकीकडे बघत राहिलात. त्या दोन शब्दांनंतर माझं सांगणं म्हणजे तुमच्यावर आणखी एक वजन टाकणं झालं असतं, असं मी तेव्हा समजलो. आता वाटतं, ते वजन तुम्ही उचललं असतंत. तुम्ही रागावला असतात, नीट रागावला असतात, आणि मला ते मिळायला हवं होतं. मी द्राक्षांची पिशवी टेबलावर ठेवून निघालो.

तेराव्यानंतर अश्विनीनं सायकल आणि रजिस्टर दुकानात आणून दिलं. "चाचा, हे तुमच्याकडेच राहू द्या." मी तिला तिथंच सगळं सांगितलं, सतरा, रंग, हवा, सगळं. ती ऐकत उभी राहिली. तिचा चेहरा तुमच्यासारखा आहे, त्यावरून काही कळत नाही. शेवटी म्हणाली, "हे मला कशाला सांगता? आईला सांगायचं होतं." दारापर्यंत गेली, परत वळली, आणि म्हणाली, "तिचं जायचं राहिलेलं घर कुठलं, माहीत आहे तुम्हाला?"

माहीत होतं. रजिस्टरमध्येही होतं. 'वावर. चंदरी. विहिरीच्या वरचं घर.' त्या ओळीपुढं मुक्कामाचा रकाना तुम्ही कोरा ठेवला होता.

मी पावणेदोनचे टायर उतरवले आणि सव्वादोनचे चढवले, दोन्हीकडे पंचवीसवर. हवा पुढं पंचवीस पौंड, मागं तीस. त्रेसष्टाव्या वर्षी मी सामान बांधून निघालो. रशीदानं चपात्या दिल्या आणि एकदाच विचारलं, "जीप नहीं जाती उधर?" मी म्हटलं जाते.

आता तुम्हाला टायरचं सांगतो, कारण ते तुम्ही आधी विचारलं असतंत. भात अजून पुरता कापलेला नाही. जामसरच्या पुढं एका बांधावर ओल होती. तिथं माझंच खरं निघालं. पन्नास पावलांत चाकाला माती चढली, चिमट्यात भरली, आणि मला काटकीनं कोरून काढावी लागली, चार वेळा. मी तुमचं नाव घेऊन बडबडलो तिथं. मुरुमावर फरक नाही. दाभोशाला तुमच्या यादीतल्या एका घरी राहिलो, त्यांनी तुमच्यासाठी ठेवावी तशी मला पाण्याची घागर भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी तो उतार आला. ऐनाचं झाड ओळखलं. मी उतरून चालणार होतो. मग उतरलो नाही. तिरकं चाक, सुटे दगड, मागं सामान, पुढच्यात हवा कमी, तुम्ही केली होतीत तेवढीच मी मुद्दाम केली होती. टायर दगडावर दबला, परत उठला, जागचा हलला नाही. खाली येऊन मी सायकल उभी केली आणि बराच वेळ खाली बसलो. पडण्याचं कारण दगड नव्हता, सिस्टर. दगड कधीच नव्हता.

वावरला पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. विहीर आहे, घर आता पत्र्याचं झालंय. अंगणात एक साठीची बाई सुपानं नागलीचे दाणे पाखडत होती.

"कोन पायजे?"

"चंदरीबाई?"

"मीच."

मी सांगितलं, जव्हारहून आलो, सायकलचं दुकान आहे. पूर्वी इकडं एक नर्स यायच्या, उंच, सायकलवरून.

"नरसबाय?" तिनं सायकलकडे बघितलं. "ती कठं हाय आता?"

"वारल्या. तीन आठवडे झाले."

तिचं सूप थांबलं. तिनं ते खाली ठेवलं, नागली न सांडता. मी ओट्याच्या कडेला बसलो आणि तुमचं सांगितलं. सोमवारी येऊन गेल्या, गुरुवारी येते म्हणाल्या, चिखलात सायकल अडकली, अर्ध्या वाटेतून परत फिरल्या. शुक्रवारी तुमचं पोर गेलं. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

ती माझ्याकडे बघत होती, काही चुकीचं ऐकल्यासारखी.

"गुरवारी? गुरवारी मी घरा नव्हतीच."

"म्हणजे?"

"बुधवारीच पोराला घेतला नं बापाच्या पाड्यावर गेली. तिकडं भगत व्हता, नावाजलेला. सासू म्हनं ने, म्हनून नेला. दार बंद करून काटी लावून गेलतो सगली. शुक्रवारी माघारी आनला, सांजला गेला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी त उलटंच धरून बसली व्हती. म्हनं नरसबाय गुरवारी आली असंल, दार बंद बघलं असंल, रागावली असंल. तिनं सांगितलेलं ना, पोराला हलवू नको, मी येते. मी हलवला. म्हनून ती परत आली नाय, असं मना वाटं."

"इतकी वर्षं?"

"मंग? ती पुन्यांदा दिसली कठं?"

मी तिला पुढचंही सांगितलं. मागच्या थंडीत तुम्ही निघाला होतात, तिच्याकडेच, आणि तासाभराच्या वाटेवर पडलात. माझ्यामुळं पडलात. रिमचं तिला काय कळणार, म्हणून थोडक्यात सांगितलं, चाक नवं नव्हतं, जुनंच होतं, वरून काळा रंग लावला होता.

तिनं विचार केला. "रंग लावला? मंग तुला ठाव व्हतं."

"हो."

तिनं मान हलवली. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, माझ्यापुढं ठेवला, आणि चुलीकडे वळत विचारलं, "तिला पोरं किती?"

"एक मुलगी. तिला मुलगा झालाय."

"बेस," ती म्हणाली. "जेवून जा."

मी जेवलो. भात, उडदाची आमटी. ती समोर बसून होती. उन्हं कलायच्या आत मी निघालो, डांबरी रस्त्यानं.

दोन बायकांकडे एकेक वाक्य होतं, दुसरीला सुटका देणारं, आणि त्यांच्यामध्ये तासाभराची वाट उरली होती. ती वाट माझ्या रिमनं अडवली. तुमचं वाक्य मी तिला पोहोचवलं. तिचं आता तुम्हाला पोहोचवतो, उशिरा. तुम्ही त्या दिवशी सायकल बांधावर टाकून चालत गेला असतात, भिजत, चिखल तुडवत, शेवटपर्यंत, तरी दाराला काटी होती.

गुरुवारी घरात कुणी नव्हतं, सिस्टर.